कुंकवाची भाकरी, हळदीची भाकरी

…आणि वर ती पोरगी मलाच समजावते, अगदी शांतपणे, पेन्सिल कानावर खोचून, "मधली काकी, दोघींच्या भाकरीत फरक नाही असं मी म्हणत नाही. फरक आहे असं म्हणता येत नाही, एवढंच." एवढंच म्हणे! आता तुम्ही शहाणी माणसं बसलाय समोर, तुम्हीच सांगा, हे काय उत्तर झालं? फरक हाय का? म्हणता येत न्हाय. मग फरक न्हाय का? तसंही म्हणत न्हाय. मग म्हणतेस तरी काय बाई? आणि एवढं सांगायला रोज एस.टी.ला लोंबकळत भिवंडीच्या कॉलेजात जायचं, तीन वर्षं!

थांबा. मी मधूनच सुरू केलं. राग आला की माझं असंच होतं, गोष्टीची शेपटी हातात येते आणि तीच ओढत बसते. पहिल्यापासून सांगते.

आमचं घर वडप्याच्या जवळ. आता तिकडं शेत कमी आणि गोदामं जास्त. आमचंही अर्धं शेत गोदामाखाली गेलं, जिथं मी वाकून रोपं लावली तिथं आता ट्रक मागे घेताना पोरं ओरडतात, आने दे, आने दे, आने दे… ते जाऊ द्या, तो वेगळा राग हाय. घरात तीन भाऊ, चुली वेगळ्या. थोरले केसरीनाथ, म्हंजे आमचे भावजी. मधले तुळशीराम, ते माझ्या वाट्याला आले. आणि धाकट्याची बायको ती कमळ. कमळबद्दल मी काय बोलणार न्हाय. जे बोलायचं ते तुम्हाला पुढं कळेलच.

थोरली जाऊ जानकीबाई, ती बिचारी मधल्या वयात गेली. तिची दोन पोरं, धनेश आणि उन्नती. धनेश गोदामावर सुपरवायझर, आणि उन्नती ती ही कानावर पेन्सिलवाली, संख्याशास्त्र शिकते. संख्याशास्त्र म्हंजे काय ते मी विचारलं व्हतं एकदा. मी चौथी शिकलेय, पाढे मला आजही तीसपर्यंत येतात, म्हटलं बघू तरी पोरगी कुठवर गेली. तर म्हणते, "काकी, थोडं बघून सगळ्याबद्दल बोलायचं, त्याचं शास्त्र." मी म्हटलं, ते तर आपल्या गावात सगळ्याच बायका करतात, त्याला कॉलेज कशाला?

तर धनेशचं लग्न ठरलं. आता आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस आला काय न आला काय, हळदीला आला पाहिजे. रात्री मटण आणि तांदळाची भाकरी. मांडवाच्या मागं चुलींची रांग, आणि आमच्या घरची रीत अशी की पहिल्या चुलीवर घरची बाई बसते. ती पहिली भाकरी तव्यावर टाकते, ती भाकरी देवापुढं जाते, तवर दुसऱ्या कोणी बाईनं पिठाला पाणी लावायचं न्हाय. कितीही बायका येऊ द्यात, मामाकडच्या, आत्याकडच्या, शेजारच्या, सगळ्या हात आवरून माझ्याकडं बघत बसणार. पहिल्या चुलीवर आधी जानकीबाई बसायची. ती गेल्यावर मी बसले. मी मागितलं न्हाय, कोणी दिलंही न्हाय, मी थोरली उरले म्हणून बसले.

आणि मग तो केसरीनाथ भावजींच्या साडूच्या घरचा कार्यक्रम झाला. आम्ही दोघी जावा गेलो व्हतो भाकऱ्या लावायला, मी आणि कमळ. सकाळी काय, एका पाहुण्यानं रात्रीची उरलेली भाकरी उचलली, दोन बोटांनी वाजवून बघितली, आणि म्हणाला, "हे कौल कुठल्या घरावरचं पडलं?" सगळे हसले. मीही हसले. मग कोणीतरी विचारलं, कुणाच्या हातची ती? तर कमळ, तोंडात साखर ठेवल्यासारखी, म्हणते, "न्हाय बा, त्या टोपलीतल्या आक्काच्या होत्या." आक्का म्हंजे मी! अहो, ती टोपली तिची! माझी भाकरी दुसऱ्या दिवशी पण रुमालासारखी घडी होते, तिची भाकरी तव्यावरून खाली उतरतानाच म्हातारी होते. पण बोललं ते बोललं. गावभर झालं. बाजारात गेले तर मासळीवाली पण विचारते, आक्का, भाकरीचं काय झालं म्हणे.

भावजींच्या कानावर गेलं. भावजी साधा माणूस. साध्या माणसानं निवाडा करू नये. त्यांनी दोघींना ओटीवर बोलावून सांगितलं की माझ्या पोराच्या हळदीला पाहुणा सकाळी भाकरी वाजवणार नाही, ज्या बाईची भाकरी सकाळी मऊ राहते ती बसेल पहिल्या चुलीवर, मग थोरली असो का धाकटी.

ऐकलंत? थोरली असो का धाकटी! म्हंजे बायकांनी भरलेल्या मांडवात मी हात आवरून बसायचं, आणि कमळ पहिली भाकरी टाकणार, आणि मी तिच्या तोंडाकडं बघायचं. त्या रात्री मला जेवण गेलं न्हाय. तुळशीराम जेवले. मी त्यांना विचारलं, आहो, तुम्ही माझ्याही हातची खाता, सणासुदीला कमळच्याही हातची खाता, तुम्हीच सांगा, मऊ कुणाची? तर भाताकडं बघत म्हणतात, "दोन्ही चांगल्या." चोवीस वर्षं घालतेय ह्या माणसाला!

तेवढ्यात ही उन्नती म्हणाली की काकी, मी करते ना फैसला, मला कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाच आहे, दोन समष्टींची तुलना, रवींद्र सरांनी विषय शोधून आणायला सांगितलाय, बाकीच्या मुली पॉवरलूमच्या धाग्यावर करतायत, मी भाकरीवर करते. मी म्हटलं कर. कमळ म्हणाली कर. मनात दोघींच्याही एकच, पोरगी जानकीबाईची, ना माझी ना तिची, खोटं बोलणार न्हाय. आणि खरं सांगू, ती खोटं बोललीच न्हाय. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं काय म्हणते ते.

आधी तिनं आम्हाला समोर बसवून शिकवलं. म्हणते, समष्टी म्हणजे मधल्या काकीनं आजवर थापलेल्या आणि इथून पुढं थापेल त्या सगळ्या भाकऱ्या, ती एक समष्टी. धाकट्या काकीच्या सगळ्या, ती दुसरी. मी म्हटलं अगं आजवरच्या लोकांनी खाऊन पचवल्या, पुढच्यांचं अजून भात पण पेरलं न्हाय, त्या तू मोजणार कुठून? म्हणते, म्हणून तर नमुना घ्यायचा, वीस तुझ्या, वीस तिच्या. मी म्हटलं बरं, मग मी माझ्या चांगल्यातल्या वीस काढून देते. म्हणते, नाही, चिठ्ठ्या टाकून घ्यायच्या, जी येईल ती. कमळ हसली. मी म्हटलं तू हसू नकोस, चिठ्ठी तुझ्या पण कौलांची निघणार हाय.

आणि मग ती म्हणाली की सुरुवात करताना आपण असं धरून चालायचं की दोघींच्या भाकरीत काहीच फरक नाही. त्याला शून्य गृहीतक म्हणतात.

आता तुम्ही मला सांगा. चोवीस वर्षं मी चुलीपुढं बसले, धुरानं डोळे गेले माझे, ह्या बघा बोटांवरचे डाग, आणि धरायचं काय, तर शून्य? मी म्हटलं, उन्नती, असं कोणी धरतं का? धरायचंच तर फरक हाय असं धर, आणि मग कमळ बसेल सिद्ध करत की न्हाय. तर म्हणते, काकी, कोर्टात कसं, आरोपीला आधी निर्दोष धरतात आणि मग पुरावा आणतात, तसं. मी म्हटलं, म्हंजे माझी भाकरी आरोपी? "नाही गं काकी," ती म्हणते, "फरक आरोपी." आता फरकाला आरोपी करतात हे मला माहीतच न्हाय. चौथीत शिकवलं न्हाय.

पुढचं ऐका. मऊपणा मोजायचा कसा? बोटानं दाबून न्हाय, दातानं तोडून न्हाय. म्हणते, माप पाहिजे. मग तिनंच डोकं चालवलं, ते मात्र मला पटलं. सकाळी पाट घ्यायचा, पाटाच्या कडेवर अर्धी भाकरी आत, अर्धी बाहेर, आतल्या अर्ध्यावर वजनाला वरवंटा. मऊ असेल तर बाहेरची बाजू खाली वाकते, कडक असेल तर तशीच ताठ राहते. वाकली किती ते पट्टीनं मोजायचं. जास्त वाकली ती जास्त मऊ. मी म्हटलं बरं हाय, घरात कोणीतरी वाकणार.

ठरला दिवस. दुपारी अंगणात दोन चुली मांडल्या. पीठ एकच, चक्कीवाल्या भैयाकडून दळून आणलेलं, तो पण विचारत व्हता, "भाभी, इतना आटा, शादी तो अगले महीने है ना?" मी म्हटलं, परीक्षा हाय. तो म्हणाला किसकी, बच्ची की? मी म्हटलं, हमारी. त्याला वाटलं मस्करी. उकड काढली, मळली, दोन काठवटी, दोन तवे. उन्नतीनं सांगितलं की या चुलीवरून उतरलेल्या भाकरीला कडेला कुंकवाचं बोट लावणार, ती मधल्या काकीची, आणि त्या चुलीवरून उतरली की हळदीचं बोट, ती धाकट्या काकीची. नावं लिहायची न्हायत, मोजताना मन फिरतं म्हणे.

सुरू झालं. मी थापतेय, ती थापतेय, आणि तोंडं चालू. आता दोन जावा समोरासमोर बसल्या तर काय देवाचं नाव घेणार? साडूच्या घरची टोपली निघाली. मग तिच्या माहेरच्या नारपोलीच्या भावानं मला एकदा दारात चहा विचारला न्हाय ते निघालं. मग तिनं काढलं की तिच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू पाठवले त्यात डिंक कमी व्हता. डिंक कमी व्हता! अगं, डिंक मी दुसऱ्याच्या डब्यातला काढून तुझ्या डब्यात… बरं, ते जाऊ द्या. असं आमचं चाललेलं, आणि उन्नती, मन फिरू नये म्हणून आमच्याकडं पाठ करून, चिठ्ठ्या करतेय, बोटं लावतेय, टोपल्या झाकतेय, वर आमचं ऐकून गालातल्या गालात हसतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाट मांडून बसली. काय ते दृश्य! ओळीनं भाकऱ्या पाटावरून लोंबकळतायत, पोरगी जमिनीवर गाल टेकवून पट्टी धरतेय, कोंबड्या भोवती जमल्यात, मी एका बाजूला, कमळ दुसऱ्या बाजूला, दोघी श्वास रोखून, आपली भाकरी खाली वाकावी म्हणून मनातल्या मनात नवस बोलतोय. आणि तेवढ्यात तुळशीराम दात घासून आले, टोपलीतली कुंकवाची एक उचलली आणि चहात बुडवून खाल्ली. न मोजलेली! नमुना! मी ओरडले तर म्हणतात, "मऊ होती." अहो, आता सांगताय, आता सांगून काय उपयोग, खाल्लेला साक्षीदार कोर्टात चालतो का? पण उन्नती म्हणाली की काही हरकत नाही, एकीकडे एकोणीस, एकीकडे वीस चालतात, सूत्रात तशी सोय आहे. बघा, नवऱ्यानं नमुना खाल्ला तर काय करायचं, त्याची पण सोय करून ठेवलीय त्या लोकांनी. पण बायकोचं खरं करायची सोय न्हाय.

आकडे घेऊन ती कॉलेजला गेली. कॉम्प्युटरवर घालणार म्हणाली. गावात लाईट जायची तासन् तास, पण तिथं असायची. दिवसभर मला हातात काम लागलं न्हाय. कमळ दोनदा येऊन गेली, मीठ मागायला. तिच्या घरी मीठ व्हतं, मला माहीत हाय, आदल्या दिवशी मीच तिच्या डब्यातलं उकडीत घातलं व्हतं.

संध्याकाळी उन्नती आली, आम्हाला बसवलं, भावजींना पण बसवलं, आणि सांगितलं. मधल्या काकीची सरासरी थोडी जास्त आली.

मी उठून उभी राहिले. जास्त! मी म्हटलंच व्हतं! मी कमळकडं बघितलं, ती पदराच्या गाठीकडं बघतेय.

"बस काकी," उन्नती म्हणते. "जास्त आहे, पण नखभर."

अगं नखभर तर नखभर, जास्त ते जास्त. बाजारात काटा नखभर खाली गेला तर मासळीवाली एक कोळंबी परत उचलते की न्हाय? पण ऐकायला तयार न्हाय. म्हणते, समजा खरंच दोघींच्या भाकरीत काहीच फरक नाही, तरी एवढा नखभर फरक नुसत्या योगायोगानं शंभरातल्या तीसेक वेळा दिसेलच. पाचाच्या खाली गेलं असतं तर म्हटलं असतं फरक आहे. मी म्हटलं, ते पाच कोणी ठरवलं? म्हणते, तसं धरतात. बघा! इकडं पण धरतात!

आणि पुढं काय म्हणाली माहीत हाय? कारण सांगते म्हणाली. म्हणाली की तुमच्या भाकऱ्यांत आपसातच एवढा फरक आहे, एक खूप वाकते, दुसरी ताठ, त्यामुळं दोघींमधला फरक त्यात बुडून जातो. भावजी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "म्हणजे आपल्या घरासारखं."

मी म्हटलं, सगळं जाऊ दे, एका वाक्यात सांग, फरक हाय की न्हाय? आणि मग ते झालं जे मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं. फरक नाही असं म्हणत नाही, फरक आहे असं म्हणता येत नाही.

भावजी उठून गेले. जाताना म्हणाले, मग मी काय समजू? काय समजणार बिचारे. मी म्हटलं पोरी, तू पुरावा कमी आणलास म्हणून आरोपी सुटला, ठीक हाय, पण आरोपीनं केलंच न्हाय असं तर तू म्हणत न्हायस? म्हणते, "अगदी बरोबर, काकी, हेच रवींद्र सर सांगतात." म्हंजे मी त्या सरांएवढी हुशार निघाले आणि माझी चूल मात्र गेली!

मी तशीच आत गेले आणि मोजलेल्या भाकऱ्यांची टोपली घेऊन आले. मी टाकल्या न्हव्हत्या, अशी मी पुरावा टाकणारी बाई न्हाय. एव्हाना सगळ्या वाळून कडक, कुंकवाच्या काय आणि हळदीच्या काय. म्हटलं, दाखव, तुझी ती जास्त वाकलेली कुठली? तिनं तिच्या खुणेनं एक काढून दिली. हळदीचं बोट. कमळची.

मी हातात घेतली, फिरवली, आणि थांबले.

हा माझा हात बघा. ही करंगळी. लहानपणी दाराच्या फटीत सापडली, तेव्हापासून वाकडी. मी भाकरी थापते तेव्हा कडेला ही करंगळी टेकते आणि तिथं चिमटा पडतो, बारीकसा. माझ्या प्रत्येक भाकरीला असतो. घरात सगळ्यांना माहीत हाय, धनेश लहान असताना तो चिमटाच आधी तोडून खायचा. आणि ह्या हळदीच्या भाकरीला, कमळच्या भाकरीला, कडेला चिमटा.

"ही माझी हाय," मी म्हटलं.

कमळ आली, तिनं घेतली, बघितलं. मग तिनं टोपलीत हात घातला, एक कुंकवाची काढली, तिची कड कागदासारखी पातळ. कमळ कड पातळ करते, ती तिची खोड हाय, मी हजारदा सांगितलंय कड जाड ठेव. ती म्हणाली, "आणि ही माझी." मग काय, दोघी बसलो टोपलीपुढं. ही तुझी, ही माझी, ही माझी, ही तुझी… कुंकू कमळच्या कपाळी, हळद माझ्या, सगळा घोळ. उन्नतीचं तोंड असं झालं की मला वाटलं पोरगी आता रडते.

"पण तुम्ही आपापल्या चुलीवर बसला होता ना?"

आता आठवायला लागलं. बसलो व्हतो की. मग कमळला आतून फोन आला नारपोलीहून, ती उठली, तिचा तवा धूर सोडायला लागला, म्हणून मी तिच्या चुलीवर सरकले. मी सरकले तर माझा तवा रिकामा, म्हणून ती आली ती माझ्या चुलीवर बसली. मग मी कोंबड्या हाकलायला गेले तेव्हा तिनं दोन्ही तवे सांभाळले. मग लाकडं सरली म्हणून ती गेली… किती वेळा ते देवाला माहीत. तोंडानं भांडत व्हतो, हात आपले चालू.

उन्नती मटकन खाली बसली. म्हणते, "काकी, नमुने स्वतंत्र पाहिजे होते. स्वतंत्र! तुम्ही दोघी एकमेकींशी भांडत होता ना? मग एकमेकींच्या तव्यावर कशाला गेलात?"

मी म्हटलं, "अगं, तवा तापलेला व्हता. आम्ही भांडत व्हतो, तवा कुठं भांडत व्हता?"

कमळ म्हणाली, "तापला तवा रिकामा राहू देत न्हवती तुझी आई. एकीनं उठलं तर दुसरीनं बसायचं."

पोरगी त्या चिमट्याकडं आणि त्या पातळ कडेकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, आईची कड कशी असायची? आता मी आणि कमळ, दोघींनी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी म्हणणार व्हते जाड, आणि तिच्या तोंडावरून दिसत व्हतं की ती पातळ म्हणणार. दोघींना शिकवलं जानकीबाईनंच, एकाच काठवटीवर. मी म्हटलं, मऊ असायची. कमळ म्हणाली, हो, मऊ असायची. त्यावर मात्र आमचं एकमत झालं, आणि तिथं कोणी पट्टी पण लावली न्हाय.

प्रोजेक्टचं म्हणाल तर पोरीनं घाबरत घाबरत सरांना सगळं खरं सांगितलं. सर म्हणे टेबलावर हात आपटून हसले आणि म्हणाले हेच लिही, चूक कशी झाली तेच लिही. मार्क बरे मिळाले तिला. म्हंजे भांडण आमचं, भाकरी आमची, चूक आमची, आणि मार्क तिला. असो, घरातच राहिले.

पण पहिल्या चुलीचं काय? ते तसंच लटकलेलं. मी रोज वाट बघतेय भावजी काय म्हणतात. कमळ पण बघतेय. पुन्हा परीक्षा घे म्हटलं तर उन्नती म्हणाली, घेते, पण एक चूल वडप्यात आणि एक अंबाडीत मांडायची, मधे एस.टी. स्टँड पाहिजे.

आणि भावजी काय म्हणाले? भावजी काहीच म्हणाले न्हायत. साधा माणूस, पण शहाणा. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवामागं टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून उतरल्या अंबाडीच्या बचत गटाच्या बायका. एकसारख्या साड्या, आपली पिठं, आपल्या काठवटी, आणि चुली न्हायत, गॅसच्या शेगड्या. भाकरीचं काम भावजींनी बाहेर देऊन टाकलं! दोघींपैकी कोणालाच दुखवायचं न्हाय म्हणून. म्हणतात, आता कुणाची भाकरी चांगली हा प्रश्नच राहिला नाही. ऐकलंत? आम्ही दोघी मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या, नवीन साड्या नेसून, हातात काम न्हाय, लग्नातल्या पाहुण्यांसारख्या!

एक मात्र झालं. त्यांच्यातली म्होरकी, जरा वयस्क बाई, शेगडी पेटवून म्हणाली, "पहिली भाकरी घरच्या बाईनं टाकावी, तवर आम्ही नाही लागत. थोरली कोण?"

मी बोलणार न्हव्हते. मला मागून घ्यायचं न्हव्हतं.

कमळ म्हणाली, "ही. ही थोरली." आणि मग माझ्या कानाजवळ, "थाप लवकर आक्का, तवा तापलाय. मी उलटते."

मी थापली, तिनं उलटली, फुगली. देवापुढं गेली. आता ती भाकरी माझी म्हणायची का तिची, मी उन्नतीला विचारलंच न्हाय. कशाला पुन्हा तेच ऐकायचं?

बाकी सगळ्या त्या बायकांनी लावल्या. रात्री आम्ही दोघींनी खाल्ल्या न्हायत, नावं ठेवली. गॅसवरची ती काय भाकरी, धूर न्हाय लागला, वास न्हाय आला, सकाळी बघा, पाहुणे वाजवत बसतील, ढोलकीवाल्याची गरज न्हाय… असं आमचं एकाच सुरात, बऱ्याच वर्षांनी.

सकाळी सगळे झोपलेले. मी उठले तर मांडवामागं कमळ आधीच उभी. तिच्यासमोर उरलेल्या भाकऱ्यांची टोपली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी पाट आणला. मोजायचंच तर रीतसर. कडेवर ठेवली, अर्धी आत, अर्धी बाहेर, वर वरवंटा ठेवला, आणि हात काढला.

अहो, पदरासारखी खाली पडली! कडेला चिकटून अशी लोंबली जशी ओली ओढणी. दुसरी ठेवली. ती पण. तिसरी कमळनं मुद्दाम खालची, दबलेली काढली. ती तर पाटाच्या पायाला टेकली. मी कमळकडं बघतेय, कमळ माझ्याकडं. चोवीस वर्षं, दोघींची मिळून किती ते तुम्हीच धरा, एवढ्या वर्षांत आमची एक भाकरी अशी पडली न्हाय.

तेवढ्यात मागून चपलांचा आवाज. उन्नती! केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, पण नजर कुठं, तर पाटावर. म्हणते, "काय काकी, मोजताय? मग? आहे का फरक?"

मी भाकरी पटकन टोपलीत टाकली. कमळनं वर फडकं ओढलं. आणि तुम्हाला सांगते, आधी काही ठरलं न्हव्हतं, एकमेकींकडं बघितलं पण न्हाय, दोघी एकदम, एका सुरात म्हणालो…

"फरक हाय असं म्हणता येत न्हाय."